तारेने शिवलेली होडी

होडीचं खूळ अण्णाच्या डोक्यातलं, पण आरडाओरडा सगळा माझा, म्हणून आमच्या गल्लीत ती होडी अजून माझ्याच नावावर आहे. भाजीवालासुद्धा विचारतो, 'अक्का, होडी कुठपर्यंत आली?' विचारू दे. त्याला काय जातंय.

अण्णा म्हणजे माझा थोरला भाऊ. चामराजपेटेत आमचं शिवणकामाचं दुकान आहे. खाली दुकान, वर घर, त्याच्यावर गच्ची. किती पिढ्यांपूर्वी इकडे आलो ते आमच्यात कुणालाच नीट सांगता येत नाही. घरात मराठी बोलतो, गिऱ्हाइकांशी कन्नड, आणि भांडण जुंपलं की जी आधी तोंडात येईल ती. दुकानात कापायचं काम फक्त अण्णाचं. त्याच्या आधी वडिलांचं होतं. कापणाऱ्याच्या कात्रीला दुसऱ्याने हात लावायचा नाही, असा आमच्या घरात कडक रिवाज. बायकांनी काजं करावीत, बटणं लावावीत, हातशिलाई करावी. लहानपणी मी त्या कात्रीने वहीचं कव्हर कापलं म्हणून आईने असा धपाटा घातला होता की दोन दिवस मी पालथी झोपले.

मी लग्न केलं नाही. कपड्यांच्या कारखान्यात सॅम्पल शिवायच्या विभागात आयुष्य काढलं. मागच्या वर्षी मालकाने तो कारखाना दुसऱ्या गावी हलवला आणि मी घरी आले. घरी बसले असं म्हणवत नाही, कारण बसणं मला जमत नाही. सकाळी दुकानात उतरायचं, दोन बाह्या जोडायच्या, उठून रस्त्यावर जायचं, परत यायचं, वहिनीच्या भाजीत ढवळाढवळ करायची, परत खाली. वहिनी म्हणायची, 'अहो, जरा एका जागी टेका हो, मला बघूनच दम लागतो.' तिचं खरंच होतं. मला आतून सारखं काहीतरी ढोसत होतं, आणि काय ढोसतंय ते मला चांगलं ठाऊक होतं.

अण्णाचा उजवा हात थरथरायला लागला होता.

पहिल्यांदा मी पाहिलं ते दसऱ्याच्या सुमाराला, चहा घेताना. अण्णाने ग्लास दोन्ही हातांनी धरला. आयुष्यभर ज्याने एका हाताने चहा पीत दुसऱ्या हाताने खडू मारला, त्याने ग्लास दोन्ही हातांनी धरला आणि इकडेतिकडे पाहिलं. मी पटकन मान खाली घातली आणि काज करायला लागले. त्यानंतर मी लक्षच ठेवलं. गिऱ्हाईक समोर असलं की तो हात खिशात घालायचा. मापं मला लिहायला सांगायचा, 'चष्मा वर राहिलाय' म्हणून. वहिनीलाही कळलं होतं. एकदा भांडी घासता घासता ती नुसती म्हणाली, 'हात,' आणि मी म्हटलं, 'हं.' संपलं. त्याला वाईट वाटेल म्हणून आम्ही दोघींनी तोंडाला कुलूप लावलं. कापणाऱ्याचा हात गेला तर कापणारा गेला, आणि कापणारा गेला तर दुकान गेलं, हे काय कुणी बोलून दाखवायचं असतं?

मग मी त्याऐवजी बाकीच्या सगळ्या गोष्टींवर ओरडायला लागले. कापडात मार्जिन जास्त सोडतो म्हणून ओरडले. शिलाईच्या आत दुमडून जाणारं जास्तीचं कापड, त्याला आम्ही मार्जिन म्हणतो. अर्धा इंच पुरतं तिथे हा इंच इंच सोडत होता. शिवताना आत बोळा होतो, कडा कापून टाकाव्या लागतात. 'कापड काय झाडाला लागलंय का?' मी म्हणायची. तो म्हणायचा, 'असू दे गं. उद्या गिऱ्हाईक जाड झालं तर उसवायला बरं.' मी कपाळाला हात लावायची.

तर होडी. अण्णाला एकच नाद, मासे धरायचा. दर रविवारी गळ घेऊन सर्जापूर रोडच्या पार पुढे जायचं, उंच उंच इमारती संपून तांबडी माती लागते तिथे, एका तळ्यावर. आमच्या जुन्या गिऱ्हाइकाकडे त्या तळ्यातल्या मासेमारीचं कंत्राट आहे, त्यामुळे कुणी हटकत नाही. संध्याकाळी हात हलवत परत. काठावरचे मासे शहाणे झालेत, मोठे मध्ये असतात, हे त्याचं ठरलेलं उत्तर. एक दिवस दुकानात फोन माझ्या नाकासमोर धरून म्हणाला, 'हे बघ.' कुठल्यातरी देशातला एक म्हातारा प्लायवूडचे तुकडे भोकं पाडून तांब्याच्या तारेने एकमेकांना शिवत होता. खरंच शिवत होता! तार ओवायची, पिळायची, पुढचा टाका. सगळे तुकडे ओढून जवळ आले की आपोआप होडीचा आकार. मग सांध्यांवर काचेच्या धाग्याची पट्टी आणि रेझिनचा घट्ट होणारा लेप लावायचा, तारा कापून टाकायच्या.

'अगं, ही तर आपलीच विद्या,' अण्णा म्हणाला. 'पुढचा भाग, मागचा भाग, दोन बाजू, तळ. झगा आणि ह्यात काय फरक आहे?'

'झग्यात पाणी शिरलं तर माणूस मरत नाही,' मी म्हटलं.

पण मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू. वर्षभरात पहिल्यांदा तो कशासाठी तरी उतावीळ झाला होता. आणि मला हातापायांना काम हवंच होतं.

चिकपेटेच्या गल्ल्यांतून आम्ही पाण्यात टिकणारं प्लायवूड आणलं, दोनच फळ्या, वायरिंगची तांब्याची तार, रेझिनचे डबे. एका बऱ्यापैकी शेरवानीच्या शिलाईत बसेल एवढ्यात होडी करायची असा अण्णाचा पण. प्लायवूडवाल्याने विचारलं, कपाट का? अण्णा म्हणाला, होडी. तो माणूस आमच्याकडे बघत राहिला आणि मग म्हणाला, 'सरी सरी,' म्हणजे ठीक आहे, जशी तुमची मर्जी. गच्चीवर काम मांडलं. आणि आम्ही शिंपी असलो तरी इतके बिनडोक नाही, जिना आधीच मापून ठेवला होता. होडी आडवी करून जिन्यातून उतरते की नाही, ते अण्णाने खाकी कागदावर काढून तपासलं. त्याच कागदावर सगळे भाग काढले, मापं घातली, कागद कापून फळीवर ठेवला आणि पेन्सिल फिरवली. पट्टी धरून मारलेल्या रेघा, एकदम सरळ. मी मनात म्हटलं, बघ, अजून काही बिघडलेलं नाही.

मग कापायची वेळ आली. सुताराकडून विजेची करवत आणली होती, पातं खालीवर नाचवणारी. ती चालू झाली की दात वाजतात.

'मी कापते,' मी म्हटलं. 'कारखान्यात कापायच्या मशीनवर हात बसलाय माझा.'

'कापणार मी,' अण्णा म्हणाला.

'अण्णा...'

'फळी धर. हलू देऊ नको.'

मी फळीवर गुडघा टेकवून बसले आणि तोंड दुसरीकडे फिरवलं. भ्याड मी! बघवत नव्हतं. शेजारच्या गच्चीवरचे वाळत घातलेले पापड मोजत राहिले. कानाशी ती करवत घरघरत होती, मध्येच अडखळत होती, आणि दर वेळी ती अडखळली की माझं पापड मोजणं चुकत होतं. बोटं शाबूत राहू देत, एवढंच देवाला सांगत होते. दोन सकाळी लागल्या. बोटं शाबूत राहिली. कापलेल्या कडा अण्णा लगेच पॉलिश पेपरने घासून टाकायचा आणि तुकडा भिंतीकडे तोंड करून उभा करायचा.

तिसऱ्या दिवशी शिवायला घेतलं. भोकं मी पाडली, तार ओवली, पिळायला लागले, तर जमेना. बाजूची फळी तळावर चढते आहे, पुढची पाटी दोन्हीकडून बाहेर डोकावते आहे. ओढावं तर तार तुटते. मी टेप घेऊन मापलं. प्रत्येक तुकडा चारही बाजूंनी साधारण अर्धा इंच मोठा.

माझा पारा असा चढला! 'अण्णा, तू ह्याला मार्जिन सोडलंस? लाकडाला मार्जिन? आत दुमडणार कसं, इस्त्री करून? अय्यो देवा, सगळी अक्कल त्या दुकानात खुंटीला टांगून आलास का?' माझा आवाज खाली रस्त्यापर्यंत गेला. वहिनी धावत वर आली. शेजारची पापडवाली कठड्यावरून वाकून बघायला लागली. मी थांबले नाही. लाकडाची शिलाई ही अशी आणि तशी, शिंपी तो शिंपीच, काय वाट्टेल ते बोलले. वहिनीला हसू आलं, पापडवालीला हसू आलं.

अण्णा पण हसला. डोकं खाजवत म्हणाला, 'सवय गं. हात आपोआप सोडतो.'

ती गोष्ट संध्याकाळपर्यंत गल्लीभर झाली. ह्यांनी होडीला मार्जिन सोडलं म्हणे! लोक दुकानाच्या पायरीवर येऊन हसून गेले. अण्णा सगळ्यांना चहा पाजत होता.

दुसऱ्या दिवशी तो बटणं आणायला बाहेर गेला होता, तेव्हा मी टाके उसवले आणि जास्तीचा अर्धा इंच काढून टाकायला रंधा घेऊन बसले. म्हटलं, रेघ तरी मारून घ्यावी. फळी उलटी केली तर रेघ होतीच. पेन्सिलची, बारीक, कडेपासून अर्धा इंच आत, सगळीकडून. खरी रेघ ती होती. होडीचं खरं माप त्याने आधीच काढून ठेवलं होतं, आणि मग मुद्दाम बाहेरून कापलं होतं. आणि बाहेरची ती कड! वरून घासली होती तरी लाट दिसत होती. करवत पार भरकटली होती. एका ठिकाणी तर आत घुसून खऱ्या रेघेला टेकता टेकता राहिली होती. पण टेकली नव्हती. कुठेच टेकली नव्हती.

मी रंधा खाली ठेवला. माझ्या डोक्यात एकेक गोष्ट जागेवर बसायला लागली. दुकानातलं ते इंच इंच मार्जिन. खडूची रेघ पट्टीला धरून मारता येते, कात्रीला पट्टी नसते. कात्री कितीही हलली तरी गिऱ्हाइकाच्या मापाला धक्का लागू नये म्हणून हा माणूस वर्षभर लांबून कापत होता. मी खडूच्या रेघेवर शिवत होते म्हणून कपडे बरोबर बसत होते. आणि मी वर्षभर त्याला त्याच मार्जिनवरून बोलत होते. काल चार माणसांत बोलले. तो हसला. डोकं खाजवून 'सवय गं' म्हणाला.

मला स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटली. उठून गच्चीवर येरझारा घातल्या. खाली जाऊन त्याला काहीतरी सांगावं म्हणून जिन्यापर्यंत गेले, परत आले, परत गेले. शेवटी रंधा उचलला आणि रेघेपर्यंत सगळं सपाट केलं. दोन दिवस. हाताला फोड आले. मग अण्णा वर आला, त्याने कडा हाताने चाचपून पाहिल्या, माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, 'जमलं बघ.' तो थोडा वेळ उभाच राहिला, काहीतरी ऐकायचं राहिल्यासारखा. मग म्हणाला, 'हं. जमलं.' मला वाटलं, बघा, माझं तोंडसुद्धा बंद राहू शकतं. केवढी समंजस झाले मी!

पुढचं काम भराभर झालं. तारेचे टाके मी घातले, पिळायचे मीच, तो धरून ठेवायचा. रेझिन कालवताना एकदा घोटाळा झाला. उन्हात एक अख्खा मग भरून कालवलं तर ते तापलं, धूर सुटला आणि मगातच दगड झालं. वहिनीचा आंघोळीचा मग! त्यावरून आमच्या दोघींची जुंपली, मला जरा मोकळं वाटलं. मग स्वल्प स्वल्प कालवायला शिकलो. शेवटी पिवळा रंग दिला, कारण घरात तोच उरला होता. वल्ही बांबूची, पुढे प्लायवूडची पाती. आत पाण्याचे रिकामे कॅन बांधले, उलटली तरी बुडू नये म्हणून. जिन्यातून होडी उतरली, दोन्हीकडे चार बोटं सोडून. गल्लीने टाळ्या वाजवल्या.

रविवारी सकाळी छोट्या टेम्पोत घालून तळ्यावर नेली. कंत्राटदार काठावर उभा होता. त्याच्याकडे त्यांचं ते गोल टोपलीसारखं तेप्पा असतं, त्यात उभं राहून तो जाळं टाकतो. आमच्या पिवळ्या पेटीला त्याने एक फेरी मारली, टाके बसलेल्या जागांवर बोट फिरवलं, मान हलवली. मध्याच्या पुढे जाऊ नका, मी बघतो आहे, म्हणाला.

मी वल्हवत होते. होडी तरंगली! एका कोपऱ्यातून थेंब थेंब पाणी येत होतं, ते मी फडक्याने टिपत होते, पण तरंगली. अण्णा पुढे बसला होता. मला हसू आवरेना. 'अण्णा, आपण पाण्यावर आहोत रे!' मी ओरडले. तळ्याच्या मध्यावर आल्यावर त्याने गळ काढला, पिठाची गोळी केली आणि ती आकड्याला लावायला गेला. गोळी पडली. दुसरी केली. तीही पडली. तिसऱ्या वेळी आकडा त्याच्या अंगठ्यात घुसता घुसता वाचला. मी लगेच दुसरीकडे बघायला लागले. लांब त्या इमारती दिसत होत्या, त्यांच्याकडे बघत म्हटलं, 'किती उंच बांधतात नाही?'

'इकडे बघ,' अण्णा म्हणाला.

मी वळले. त्याने गळ बाजूला ठेवला होता आणि उजवा हात पुढे धरला होता. नुसता, पालथा. हात हलत होता. लपवण्यासाठी तिथे खिसा नव्हता, गिऱ्हाईक नव्हतं, दुसरं काहीच नव्हतं.

'कधीपासून ठाऊक आहे तुला?' त्याने विचारलं.

'दसऱ्यापासून.'

'हिला?'

'वहिनीला पण.'

त्याने हात तसाच पुढे धरून ठेवला. मी घाईघाईने म्हटलं, 'तुला वाईट वाटेल म्हणून नाही बोललो. आम्ही आपलं...'

'वर्षभर मी भिऊन मरतोय गं,' अण्णा म्हणाला. तो रागावला नव्हता, हळूच बोलत होता. 'सकाळी डोळा उघडला की आधी हाताकडे बघतो. वाटायचं, आज विचारेल कुणीतरी. तू ती कड सपाट केलीस त्या दिवशी तर वाटलं, आता विचारणारच. घरात दोन बायका, दोघींना माहीत, आणि एकीने म्हणून विचारलं नाही. तू तर चहात साखर कमी पडली तरी गल्ली गोळा करतेस.'

मला स्वतःचा असा संताप आला की वल्हं पाण्यात फेकून द्यावं. समंजस म्हणे!

'डॉक्टरकडे गेलास?' मी विचारलं.

'एकटा कसा जाऊ?'

मी वल्हं आत ओढून घेतलं, त्याच्यासमोर सरकले आणि तो हात माझ्या दोन्ही हातांत धरला. होडी एकीकडे कलली, पाणी आत आलं, येऊ दे म्हटलं. 'दुखतं का रे?' मी विचारलं. दुखत नाही, म्हणाला. मग काय होतं, कधी जास्त होतं, रात्री झोप लागते का, कात्री धरलीस की काय वाटतं? मी एकामागून एक विचारत सुटले आणि तो सांगायला लागला. सांगत राहिला. होडी वाऱ्याने आपली आपण सरकत चालली होती, कंत्राटदाराने सांगितलेल्या हद्दीच्याही पुढे. तो काठावरून हात हलवून आम्हाला हाका मारत होता, मागे फिरा, मागे फिरा.

मी मान वळवून सगळ्या ताकदीनिशी ओरडले, 'थांबा हो जरा! माझा भाऊ बोलतोय!'